तेल ह्रेइझची भिंत आणि अतलित-यामची विहीर : समुद्र वर चढत असताना नवाश्मयुगातल्या गावांनी काय केलं?

पाणसळ (धागाकर्ता)

इस्रायलमध्ये हैफाच्या दक्षिणेला कार्मेल डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक चिंचोळी किनारपट्टी आहे. तिच्यासमोर पाण्याखाली नवाश्मयुगातली पंधराएक गावं सापडली आहेत. किनारा बदलला तेव्हा माणसांनी काय केलं, हा प्रश्न जगभर विचारला जातो, पण घर, विहीर, थडगं, साठवण आणि शेवटी बांध असं सगळं एकाच पट्ट्यात, जागच्या जागी मिळणारी ठिकाणं फार थोडी आहेत. म्हणून हा धागा फक्त या किनाऱ्यापुरता ठेवू. बाकीचे किनारे तुलनेला लागतील तेवढेच.

आधी जमिनीची रचना. किनाऱ्याला समांतर कुरकारच्या लांबट टेकड्या आहेत. कुरकार म्हणजे चुन्याने घट्ट झालेली वाळू, आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या करल या वाळूच्या खडकाची चुलत बहीण म्हणता येईल. दोन टेकड्यांमधल्या खोलगट पट्ट्यात काळपट चिकणमाती साचलेली आहे. गावं या चिकणमातीवर वसली. समुद्र चढल्यावर वरून वाळूची चादर पसरली आणि खालचं सगळं हवेवाचून टिकलं. विसाव्या शतकात बांधकामासाठी वाळूचा बेसुमार उपसा झाला, बंदरांचे धक्के झाले, वाळूचा पुरवठा घटला. आता हिवाळी वादळानंतर चादर सरकते आणि गावाचा एखादा तुकडा काही दिवस उघडा पडतो.

दोन गावं लक्षात ठेवा.

अतलित-याम : आजच्या पाण्याखाली 8 ते 12 मीटर, किनाऱ्यापासून 200 ते 400 मीटर आत, विस्तार सुमारे 40,000 चौरस मीटर. काळ अंदाजे 9,200 ते 8,500 वर्षांपूर्वीचा. मडकी अजून आलेली नव्हती. शोध 1984 मध्ये सागरी पुरातत्त्वज्ञ एहूद गलिली यांनी लावला.

तेल ह्रेइझ : 0 ते 4 मीटर खोलीवर, काळ 7,500 ते 7,000 वर्षांपूर्वीचा, मडकी वापरणारं गाव. याच्या समुद्राकडच्या बाजूला 100 मीटरहून लांब दगडी भिंत आहे. तिच्यावरचा सविस्तर शोधनिबंध डिसेंबर 2019 मध्ये आला.

खोली आणि वय यांचं नातं बघा : जेवढं जुनं तेवढं खोल. त्या किनाऱ्यावरच्या वस्त्या पायरीपायरीने वर सरकल्या आहेत. भिंत हा या सरकण्यातला एक टप्पा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा टप्पा ती नव्हे, विहीर आहे. त्यावर सविस्तर लिहितो, पण आधी प्रश्न येऊ द्या.

---

खाजणकर

भिंतीबद्दलच विचारतो. दगड किती मोठे, आणले कुठून, आणि ती समुद्र अडवण्यासाठीच होती हे कशावरून? गावकुस किंवा गुरांचा वाडा का नसेल?

---

पाणसळ

@खाजणकर, दगड साधारण 200 ते 1,000 किलोंचे आहेत, पाण्याने घासून गुळगुळीत झालेले. असे गोटे गावाच्या जागी मिळत नाहीत. जवळचे स्रोत म्हणजे 1 ते 2 किलोमीटरवरची ओढ्या-नद्यांची पात्रं. म्हणजे दगड निवडून, ओढून आणलेले आहेत.

समुद्रासाठीच का, याची कारणं अशी. एक, भिंत फक्त समुद्राकडच्या कडेला आहे. जमिनीकडून गाव उघडंच आहे. शत्रूसाठी किंवा जनावरांसाठी कोणी एकाच बाजूला कुस घालत नाही. दोन, त्याच गावातल्या घरांच्या भिंती लहान दगडांच्या आहेत, एवढे अजस्र गोटे दुसऱ्या कशालाही वापरलेले नाहीत. तीन, शेजारच्या बुडालेल्या गावांत अशी भिंत मिळालेली नाही. म्हणजे ही त्या भागातली बांधकामाची रीत नव्हती, या एका गावाने आपल्या अडचणीवर काढलेला उपाय होता.

आणि अडचण मोजता येते. त्या काळात तिथला समुद्र वर्षाला 4 ते 7 मिलिमीटर चढत होता. 30 वर्षांची एक पिढी धरली तर 12 ते 21 सेंटिमीटर. शंभर वर्षांत 70 सेंटिमीटरपर्यंत. गाव वसलं तेव्हा जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 3 मीटर उंच होती. सरासरी पातळी उंबऱ्याला लागायला काही शतकं लागली असती, हे खरं. पण घर पाडते ती सरासरी पातळी नव्हे, हिवाळी वादळाची लाट पाडते. आधी दहा-वीस वर्षांतून एकदा अंगणात येणारं पाणी पातळी अर्धा मीटर चढल्यावर जवळजवळ दर हिवाळ्यात येतं. आजोबांनी पाहिलेला किनारा आणि नातवाने पाहिलेला किनारा वेगळा, हे त्या गावात नुसत्या डोळ्यांनी कळत असणार.

---

खाजणकर

धन्यवाद. गोव्यातल्या खाजणांचे (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनींचे) बांध डोळ्यांसमोर ठेवून भिंतीच्या रचनेकडे पाहिलं तर काही गोष्टी लिहाव्याशा वाटतात.

खाजणाचा बांध चिखल, जांभा आणि बाहेरची खारफुटी असा असतो, आणि त्याचा जीव मानशीत असतो. मानस म्हणजे भरतीला आपोआप मिटणारं, ओहोटीला उघडणारं लाकडी दार. आतलं पावसाचं पाणी बाहेर जायला वाट नसेल तर बांध कितीही भक्कम असो, शेत कुजतं. शिवाय खाजण खाडीच्या आत असतं, तिथे लाट जवळजवळ नसते, फक्त भरती-ओहोटी असते.

तेल ह्रेइझला नेमकं उलट. पूर्व भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम 30-40 सेंटिमीटरचा, पण हिवाळ्यात लाटा काही मीटर उंच. म्हणजे त्यांना भरती अडवायची नव्हती, लाटेचा जोर मोडायचा होता. त्याला मोठे, जड, फटी असलेले गोटे हेच योग्य. सपाट चिरेबंदी भिंतीवर लाट आपटून वर उसळते आणि परत जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. गोट्यांच्या फटींत पाणी शिरून जोर विरतो. आजही धक्क्यांसमोर मोठे खडक टाकतात ते याचसाठी.

अशी भिंत मोडते ती मात्र ठरलेल्या चार जागी :

पायथा. गोटा वाळूवर टेकलेला असेल तर दर वादळात त्याच्या समोर खड्डा पडतो आणि तो पुढे कलंडतो. चिकणमातीवर टेकलेला असेल तर जास्त टिकतो.

टोकं. भिंत जिथे संपते तिथे लाट वळसा घालते आणि मागची जमीन पोखरते. 100 मीटरच्या भिंतीला ही दोन टोकं म्हणजे कायमची दुखणी.

माथा. पातळी चढली की लाट वरून येते, आणि वरून आलेलं पाणी मागे अडकून राहतं.

खालची बाजू. हा सगळ्यात वाईट प्रकार. भिंत भूजल अडवत नाही. समुद्र चढला की भिंतीमागचं जमिनीतलं पाणीही चढतं, आणि ते मचूळ होत जातं. भिंत जागेवर उभी असताना मागचं गाव राहण्याजोगं उरत नाही.

---

कातळवाट

दगड ओढायचं गणित मांडतो, कारण 'एक टनाचा दगड नवाश्मयुगात कसा हलवला' असं म्हणून लोक उगाच अचंबा करतात.

कोरड्या जमिनीवर लाकडी घसरगाड्याचं घर्षण वजनाच्या साधारण निम्मं धरा. 1,000 किलोच्या गोट्याला 500 किलोभाराची ओढ लागेल. एक माणूस दोरीवर सातत्याने 25 किलोभाराएवढी ओढ देऊ शकतो. म्हणजे 20 माणसं. ओल्या चिकणमातीवरून किंवा खाली ओंडके टाकून ओढलं तर 10-12 पुरतात. 200 किलोचा गोटा चौघं-पाचजण नेतात. हे सगळं एका लहान गावाच्या आवाक्यातलं आहे, सुगीनंतरच्या एका हंगामाचं काम.

अवघड भाग वेगळा आहे : सगळ्यांनी मिळून एकाच कामाला लागायचं हे ठरवणं. आणि असं काम याआधीही त्या किनाऱ्यावर झालं होतं. अतलित-यामला सात उभ्या शिळांचं अर्धवर्तुळ आहे, शिळा 600 किलोंपर्यंतच्या, मधे गोड्या पाण्याचा झरा होता आणि काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. मोठा दगड आणून उभा करायची विद्या भिंतीच्या हजारभर वर्षं आधीची आहे, आणि ती पहिल्यांदा दिसते ती पाण्यापाशी.

---

खैरवन

पाणसळ, तुम्ही विहिरीचं म्हणालात ते लिहा ना. आणि एक शंका : पाण्याखालच्या विहिरीवरून समुद्राची जुनी पातळी कशी काढतात?

---

पाणसळ

लिहितो, हाच माझा आवडीचा भाग आहे.

अतलित-यामची मुख्य विहीर 5.5 मीटर खोल, व्यास 1.5 मीटर. वरच्या चिकणमातीच्या थरात आतून कोरड्या दगडांची बांधणी, खाली कुरकारात खोदकाम. बांधणी हवीच होती, कारण ओली चिकणमाती आतल्या बाजूला सरकते आणि विहीर मिटते. पुढच्या काळातल्या कफर समीर या बुडालेल्या गावात आणखी शहाणपणाची रचना दिसते : दगडाचा एक थर, फांद्यांचा एक थर, पुन्हा दगड. फांद्या दगडांना बांधून धरतात, आणि पाण्याखाली असेपर्यंत कुजत नाहीत.

आता पातळीचं गणित. विहिरीचं तोंड आजच्या समुद्रपातळीखाली साधारण 10.5 मीटरवर, म्हणजे तळ 16 मीटरच्या आसपास. किनाऱ्याजवळ गोड्या भूजलाची पातळी समुद्राच्या किंचित वर असते. गोडं पाणी हलकं, खारं जड. गोडं पाणी खाऱ्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रपातळीवर 1 मीटर गोडं पाणी उभं असेल तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं, असा ढोबळ नियम आहे. किनारा जवळ आला की वरचा हा 1 मीटर आक्रसतो आणि खालचं भिंग चाळीस पटीने आक्रसतं. म्हणून विहीर वापरात होती तेव्हा समुद्र तिच्या तळाच्या खाली, म्हणजे आजच्यापेक्षा निदान 16 मीटर खाली असला पाहिजे. ही वरची मर्यादा झाली, नेमकी पातळी नव्हे. पुष्कळ लेखांत हा फरक गाळतात आणि 'तेव्हा समुद्र 16 मीटर खाली होता' असं छापतात.

विहिरीचा भराव त्याहून बोलका आहे. पाणी बिघडल्यावर ती कचऱ्याचा खड्डा झाली : कापलेल्या जनावरांची हाडं, मोडकी हत्यारं, धान्य, बिया. लाटेने एका दिवसात भरलेली विहीर अशी थराथराने भरत नाही. म्हणजे गाव अजून वापरात होतं, पण विहीर बाद झाली होती. घरात पाणी शिरायच्या कितीतरी आधी समुद्र विहिरीत आला होता. कोकणात पुळणीजवळ राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मे महिन्यात उपसा वाढला की विहीर मचूळ होते, अंगण कोरडं असलं तरी.

म्हणून मी म्हणतो, जुळवून घेण्याचा पहिला टप्पा नवी विहीर, जरा आत, जरा वर. दुसरा टप्पा विहिरीमागे घरं. बांध हा तिसरा, आणि तोही एखाद्याच गावाचा.

---

गळपाटी

खाण्यापिण्याकडे कोणी वळत नाहीये म्हणून लिहितो.

अतलित-याम हे शेती, गुरं आणि मासेमारी हे तिन्ही एकाच वेळी करणाऱ्या गावाचं फार चांगलं उदाहरण आहे. धान्यांत खपली गहू (तोच, आपल्याकडे सांगली-साताऱ्यात होतो तो), सातू, मसूर, शिवाय जवस. विहिरीच्या भरावात धान्यातले सोंडकिडेसुद्धा मिळालेत, म्हणजे धान्य साठवलेलं होतं. गुरं, शेळ्या, मेंढ्या, डुकरं. आणि माशांची 6,000 हून जास्त हाडं, त्यातली बहुतांश ट्रिगरफिश या एकाच जातीची.

एकाच जातीचे एवढे मासे याचा अर्थ नुसतं किनाऱ्यावर हाताला लागेल ते वेचणं नव्हे. ठरलेला हंगाम, ठरलेली जागा, ठरलेली पद्धत. त्यात काही पुरुषांच्या सांगाड्यांत कानाच्या नळीत हाडाची वाढ दिसते. थंड पाण्यात वर्षानुवर्षं बुड्या मारणाऱ्यांना ती होते; आजही होते. ही माणसं हिवाळ्यातही पाण्यात उतरत होती.

माझं मत असं की समुद्र जवळ येणं हे या गावाला सुरुवातीला संकट वाटलंच नसेल. मासे जवळ आले. बिघडली ती शेती आणि विहीर. तीन पायांवर उभं असलेलं घर एक पाय गेला तर लगेच पडत नाही, आणि हाच त्यांचा खरा बचाव होता.

कफर समीरला पुढे ऑलिव्हचं तेल काढू लागले. तिथल्या खड्ड्यांत हजारो ठेचलेल्या बिया, गरासकट. जवळच्याच हिशुलेय कार्मेल इथे सुमारे 6,600 वर्षांपूर्वीचे दगडी खड्डे आहेत, त्यांत बिया बहुतांश अख्ख्या. ठेचलेल्या बिया म्हणजे तेल, अख्ख्या म्हणजे खारवलेलं फळ. एका बीच्या अवस्थेवरून दोन वेगळे उद्योग ओळखता येतात. आणि खारवायला मीठ-पाणी पाहिजे, ते दारात आलेलं होतंच.

---

निळीशाई

एक जुना वाद : अतलित-याम त्सुनामीने बुडालं असं वाचलं होतं. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीचा एक भाग समुद्रात कोसळला, त्याची लाट पूर्व किनाऱ्यापर्यंत आली, आणि गाव सोडावं लागलं असा दावा 2007 च्या सुमारास आला होता. त्याचं काय झालं?

---

पाणसळ

@निळीशाई, दावा संगणकावरच्या लाटेच्या प्रतिमानावर उभा होता. एटनाचा कडा कोसळला, हे स्वतंत्रपणे मांडलेलं आहे. पण गावात त्याचा पुरावा पाहिजे, आणि उत्खनन करणाऱ्यांनीच तो नाकारला. कारणं साधी आहेत. त्सुनामीचा थर ओळखता येतो : समुद्रातली वाळू, फुटके शिंपले, घरातल्या वस्तू आणि गोटे एकत्र घुसळलेले, खालच्या थराला ओरबाडून बसलेले. तसा थर तिथे नाही. थडगी जागेवर आहेत, सांगाडे शाबूत आहेत. एका थडग्यातल्या आई आणि बाळाच्या हाडांत क्षयरोगाच्या जंतूंचा डीएनए मिळाला (2008), इतकी ती टिकलेली आहेत. आणि विहीर थराथराने भरलेली.

उत्तर समुद्रात मात्र खरी त्सुनामी आहे. नॉर्वेजवळची स्टोरेगा ही समुद्रतळावरची दरड सुमारे 8,150 वर्षांपूर्वी कोसळली आणि तिचा वाळूचा थर स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पीटच्या (दलदलीत साचलेल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराच्या) मधोमध आजही दाखवता येतो. तिथे थर आहे म्हणून आपण मानतो. इथे नाही म्हणून मानत नाही.

---

कातळवाट

याला जोडून तारखांचा गोंधळ. अतलित-यामसाठी एका पुस्तकात '8,000 वर्षांपूर्वी', दुसऱ्यात '9,000 वर्षांपूर्वी' असं दिसेल. दोन्ही एकाच मोजमापावरून आलेले असतात. कार्बन-14 चं कच्चं वय आणि कॅलिब्रेट केलेलं (झाडांच्या वर्षवलयांशी ताडून दुरुस्त केलेलं) वय यांत या काळात 800 ते 1,000 वर्षांचा फरक पडतो. शिवाय ही 'पूर्वी'ची मोजणी 1950 पासून मागे असते. समुद्र वर्षाला 5 मिलिमीटर चढत असेल तर 900 वर्षांची चूक म्हणजे पातळीत साडेचार मीटरची चूक. दोन गावांची तुलना करताना आधी दोन्ही वयं एकाच पद्धतीची आहेत का ते पाहावं.

नमुना कशाचा, हेही महत्त्वाचं. ऑलिव्हची बी, धान्याचा दाणा एका वर्षात तयार होतो, म्हणून उत्तम. जाड खोडाच्या गाभ्याचा कोळसा गावापेक्षा दोनशे वर्षं जुना असू शकतो. समुद्री शिंपला तर शेकडो वर्षांनी जास्त जुना दिसतो, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच जुना असतो. ती दुरुस्ती प्रत्येक समुद्रासाठी वेगळी.

---

खैरवन

मग आपल्या बाजूचं विचारते. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना 1870 च्या दशकात भरतीरेषेच्या बऱ्याच खाली खैराची झाडं मुळांसकट उभी मिळाली होती. ती समुद्र चढल्याची खूण धरायची का?

---

पाणसळ

खूण आहे, पण कशाची हे नीट म्हणायला हवं. खैर खाऱ्या चिखलात वाढत नाही, त्यामुळे ती जमीन एकेकाळी भरतीच्या वर होती एवढं नक्की. समुद्र वर आला की जमीन खाली गेली, हे मात्र नुसत्या झाडांवरून ठरत नाही. मुंबई परिसरात जमीन खचण्या-उचलण्याचा प्रश्न आहे. कार्मेलचा किनारा गेली आठ हजार वर्षं बऱ्यापैकी स्थिर राहिला, भरती-ओहोटीही नगण्य, म्हणून तिथल्या विहिरी मोजपट्टीसारख्या वापरता येतात. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरकच सुमारे 5 मीटर. मोजपट्टीवरच्या रेघा आधीच जाड.

जमिनीच्या हालचालीचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण डेन्मार्क. एर्टेबोल या अश्मयुगातल्या संस्कृतीची माणसं सगळीकडे किनाऱ्यावरच राहत होती. उत्तरेत हिमनदीचं ओझं उतरल्यावर जमीन वर आली, म्हणून एर्टेबोलचा शिंपल्यांचा ढीग आज कोरड्यावर आहे, 140 मीटर लांब. दक्षिणेकडे समुद्र जिंकला, म्हणून त्याच लोकांचं त्यूब्रिन्द विग हे ठिकाण 3 मीटर पाण्याखाली, किनाऱ्यापासून अडीचशे मीटरवर. तिथे लिंडेनच्या एका खोडाची साडेनऊ-दहा मीटर लांब होडी मिळाली, ॲशच्या लाकडाची कोरीव वल्ही मिळाली. होडीत मातीचा थर देऊन केलेली चूल होती. एकच लोक, एकच काळ. एकीकडे शिंपले टिकले, दुसरीकडे लाकूड. फक्त कोरड्या जागा खणल्या असत्या तर ही माणसं नुसती शिंपलेखाऊ वाटली असती.

---

गळपाटी

आणि खंभात? 2001 मध्ये आखातात बुडालेलं शहर सापडल्याची घोषणा झाली होती. लाकडाच्या तुकड्याचं वय सुमारे 9,500 वर्षं आलं होतं.

---

कातळवाट

लाकडाचं वय बरोबर असूनही निष्कर्ष टिकत नाही, त्याचं हे नमुनेदार उदाहरण. वस्तू तळातून ओरबाडून, जाळ्याने वर काढलेल्या होत्या. कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी होती हे कळायला मार्गच नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या घरात, प्रवाह प्रचंड, नद्यांचा गाळ अखंड येतो. तिथल्या तळावरचं लाकूड कुठूनही वाहत आलेलं असू शकतं. ते लाकूड 9,500 वर्षांपूर्वी वाढलं एवढंच सिद्ध होतं. सोनारच्या (ध्वनिलहरींनी तळ टिपणाऱ्या यंत्राच्या) चित्रात दिसलेल्या सरळ रेषांचंही तसंच. प्रवाह आणि खडकातल्या भेगाही सरळ रेषा काढतात.

कोकणातही ओहोटीला करलाच्या सरळ, समांतर ओळी दिसतात. त्यांना भिंत म्हणायच्या आधी तीन गोष्टी बघाव्यात : दगड दुसरीकडून आणलेला आहे का, दोन दगडांमधली जोडणी कोणी रचलेली आहे की एकाच थराला तडे गेलेत, आणि मागे वस्ती आहे का. तेल ह्रेइझ या तिन्हींत उतरतं : गोटे नदीतले, एकेक सुटा, मागे गाव.

---

निळीशाई

शेवटची विचारणा : वाळू सरकून भिंत काही दिवसच उघडी असते म्हणालात. एवढ्या वेळात काम कसं उरकतात?

---

पाणसळ

क्रम साधारण असा असतो. वादळ शमलं आणि पाणी निवळलं की आधी पोहत पाहणी, कारण 3 मीटर खोलीला तोंडात धरायची श्वासाची नळी (स्नॉर्केल) पुरते. जे दिसेल त्याच्या दोन्ही टोकांना खुणेच्या सळ्या, त्यांची जागा किनाऱ्यावरून मोजून पक्की. मग टोकापासून टोकापर्यंत मोजपट्टीची दोरी आणि सलग, एकमेकांवर चढणारे फोटो. त्यातून त्रिमितीय नकाशा बनतो. भिंतीसारख्या गोष्टीला हेच पहिलं काम, कारण पुढच्या लाटेत वाळू परत येते.

खणायचं झालं तर हाताने पाणी हलवून वाळू उडवतात आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या शोषनळीने ती बाजूला टाकतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला चाळणी लागतेच. चाळणी मोठ्या छिद्रांची असेल तर माशांचे मणके आणि जवसाचे दाणे निघून जातात, आणि मग अहवालात 'मासे फारसे खात नव्हते' असं येतं. चिकणमातीचे नमुने अख्खे ढेकूळ म्हणून वर आणून प्रयोगशाळेतच 1 मिलिमीटरहून बारीक चाळणीत धुवावेत.

लाकूड वर काढलं की लगेच पाण्यात. उघड्यावर वाळलं तर ते काही तासांत आक्रसून तडकतं, कारण पेशींत लाकूड कमी आणि पाणीच जास्त उरलेलं असतं. आधी गोड्या पाण्यात अनेक आठवडे ठेवून मीठ काढतात, मग पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन भरतात. मोठ्या वस्तूला यात वर्षं जातात. त्यामुळे जे सांभाळायची सोय नाही ते लाकूड तळातून काढूच नये.

आणि जे उघडं राहिलं ते झाकून यायचं. वाळूच्या गोण्या टाकल्या की निदान पुढचं वादळ निघतं. तसंच सोडलं तर लाकडात समुद्री किडा शिरतो आणि एका-दोन हंगामांत चाळण करून टाकतो. आठ हजार वर्षं टिकलेली खुंटी दोन वर्षांत संपते. कार्मेलच्या किनाऱ्यावर वाळू दरवर्षी पातळ होत चालली आहे, त्यामुळे गोण्या घेऊन जाणारी नाव आता मोजपट्टीइतकीच गरजेची झाली आहे.

---

खाजणकर

एक भर. भिंतीच्या दोन्ही टोकांपलीकडची जमीन किती पोखरली गेली होती, हे चिकणमातीच्या थराच्या कडेवरून कळायला हवं. टोकाशी थर तिरका कापलेला असेल तर वळसा घालणाऱ्या लाटेने काम केलं. सरळ सपाट संपत असेल तर पाणी माथ्यावरून आलं. पुढचं वादळ झाल्यावर तिथे उतरणाऱ्यांनी भिंतीइतकेच फोटो त्या दोन कोपऱ्यांचे घ्यावेत.